पान उलटणारा हात

जपानी मांगा, म्हणजे तिकडचं कॉमिक, हातात आली की आधी डाव्या पानाच्या तळाशी, अगदी डावीकडच्या कोपऱ्यात असलेली चौकट बघावी. हे पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं, त्यामुळे उघड्या जोडपानावरची ती शेवटची चौकट. भयमांगेत तिथे बहुतेक वेळा फारसं काही घडत नाही. कुणीतरी दाराच्या फटीतून बघतंय, एक मुलगी मागे वळतेय, दोन डोळे विस्फारलेत. ते डोळे काय बघताहेत ते दिसत नाही, कारण ते पुढच्या पानावर आहे आणि पुढचं पान अजून उलटलेलं नाही.

जपानी संपादक या जागेला 'मेकुरी' म्हणतात, म्हणजे नुसतं 'उलटणं'. चित्रकार आराखडा मांडतो तेव्हाच हिशेब झालेला असतो की अमुक चित्र उलटल्यानंतरच्या उजव्या पानावर आलं पाहिजे. जोडपान उघडलं की डोळा आधी दोन्ही पानांवरून भिरभिरतो, मग वाचायला लागतो. म्हणून भयंकर चित्र डाव्या पानावर टाकलं तर ते वेळेआधीच फुटतं. उजव्या पानावर टाकलं तर वाचकाला पळवाट राहत नाही. सिनेमात दार दिग्दर्शक उघडतो, आपण डोळे झाकून घेतो. इथे दार आपल्यालाच उघडावं लागतं, आणि न उघडता गोष्ट पुढे सरकत नाही.

भयकॉमिक सुचवणं हे पुस्तकांची नावं सांगण्यापेक्षा वेगळं काम आहे, ते यामुळेच. उलटण्याच्या त्या क्षणापर्यंत माणूस कोरा पोचला पाहिजे. उत्साहाच्या भरात सुचवणारेच तो क्षण खाऊन टाकतात. "अरे, त्यातलं ते चित्र बघच" म्हणत मोबाइल पुढे करतात आणि मग समोरचा म्हणतो, वाचलं, पण एवढं काही वाटलं नाही.

जुंजी इतो यांच्या 'द एनिग्मा ऑफ अमिगारा फॉल्ट' या कथेचं नेमकं हेच झालं. तीसेक पानांची कथा. भूकंपात डोंगराचा कडा उघडा पडतो आणि त्यात माणसाच्या आकाराची असंख्य भोकं दिसतात. लोक ती बघायला जमतात. एकेकाला वाटायला लागतं की यातलं एक भोक आपल्या मापाचं आहे. इतोंच्या 'ग्यो' या मालिकेच्या शेवटी पुरवणीसारखी आलेली ही कथा आज मूळ मालिकेपेक्षा जास्त लोकांना माहीत आहे, पण माहीत आहे ती विनोद म्हणून. "हे भोक माझ्यासाठीच बनलंय" हे वाक्य आणि तिचं शेवटचं चित्र इंटरनेटवर इतकं फिरलं की आता पहिल्यांदा वाचणाऱ्यांपैकी कित्येकांना शेवट आधीच ठाऊक असतो. ज्याला ठाऊक नाही असा वाचक सापडला तर त्याला ती आजच द्यावी आणि तोंड बंद ठेवावं.

सुचवण्याआधी प्रश्न विचारावे लागतात. "तुला कसलं भय आवडतं?" हा त्यातला निरुपयोगी प्रश्न. त्याचं उत्तर 'सायकॉलॉजिकल' असंच येतं, कारण ते ऐकायला बरं वाटतं. उपयोगाचे प्रश्न वेगळे असतात. काय सहन होत नाही? किडे, एकमेकांना चिकटून असलेली बारीक भोकं, दात, डोळ्याला होणारी इजा, लहान मुलांचं मरण, प्राण्यांचे हाल यांपैकी काही? घरात कुणी गरोदर आहे का, नुकतं कुणी गेलंय का? कागदावर वाचणार की फोनवर? आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा: गोष्टीच्या शेवटी उलगडा झाला नाही तर चिडचिड होते का?

हा शेवटचा प्रश्न मराठी वाचकाला तर विचारायलाच हवा. आपल्याकडे भयाची गोडी लागली ती छापील शब्दातून, फिरत्या वाचनालयाच्या कव्हर घातलेल्या, कोपरे दुमडलेल्या पुस्तकांतून. नारायण धारपांच्या कथांत कितीही अभद्र काही जागं झालं तरी कित्येकदा त्यांचे नायक समर्थ येणार असतात, आणि समर्थांकडे उपाय असतो. रत्नाकर मतकरींच्या गूढकथेत शेवटचा परिच्छेद आधीचं सगळं वेगळ्या उजेडात दाखवतो. दोन्हींत वाचकाच्या हाती शेवटी काहीतरी लागतं. इतोंच्या गावात समर्थ येत नाहीत. हे का घडतंय, हेही कुणी सांगत नाही. हे आधी सांगितलं नाही तर चांगला, मुरलेला वाचक पुस्तक मिटून विचारतो, "पण कारण काय होतं?" दोष पुस्तकाचा नसतो आणि वाचकाचाही नसतो. सुचवणाऱ्याने बोर्ड चुकीचा लावलेला असतो.

इतो 1963 साली गिफू प्रांतात जन्मले. दंततंत्रज्ञ म्हणून, म्हणजे कवळ्या आणि दात बनवण्याचं काम करत असताना त्यांनी 'मंथली हॅलोविन' या मुलींच्या भयमासिकाच्या स्पर्धेला 'तोमिए' ही त्याच नावाच्या मुलीची कथा पाठवली. ती 1987 साली छापून आली. परीक्षकांत काझुओ उमेझू होते, त्यांच्याकडे पुढे येतोच. इतोंची रेघ बघितली की तो दातांचा व्यवसाय आठवतो. त्वचा, केस, लाकडाच्या शिरा, सगळं बारीक समांतर रेघांनी भरलेलं आणि कुठेही घाई नाही. भयाचं चित्र येण्याआधीची पाच पानं ते घर, रस्ता, शाळेचा जिना इतका नीट काढतात की आपला त्या जागेवर विश्वास बसतो.

इतोंचं सगळ्यात आधी वाचायचं पुस्तक म्हणून लोक सरसकट 'उझुमाकी' सांगतात. तो सल्ला पूर्ण चुकीचा नाही, पण मला 'शिव्हर' हा कथासंग्रह जास्त योग्य वाटतो. सुट्या कथा आहेत, प्रत्येकीबरोबर इतोंचं छोटं टिपण आहे आणि 'तोमिए'मधली 'पेंटर' ही कथाही त्यात आहे. 'तोमिए'चा पूर्ण ग्रंथ सातशेच्या वर पानांचा आहे आणि त्याची सुरुवात 1987च्या कच्च्या चित्रांनी होते. नवा माणूस तिथेच अडखळतो. 'पेंटर' वाचून आवडली तर मग तो ग्रंथ घ्यावा. 'शिव्हर'मधली 'द लाँग ड्रीम' सगळ्यात आधी वाचावी. एका रुग्णाला रोज रात्री पडणारं स्वप्न आदल्या रात्रीपेक्षा लांब होत जातं, एवढंच सांगतो. रक्ताचा थेंब नाही, तरी पुस्तक ठेवल्यावर बराच वेळ दिवा मालवावासा वाटत नाही.

आता 'उझुमाकी'. 'बिग कॉमिक स्पिरिट्स' या साप्ताहिकात 1998–99 मध्ये आलेली मालिका. कुरोउझु-चो हे समुद्रकाठचं छोटं गाव, किरिए ही शाळकरी मुलगी आणि तिचा मित्र शुइची. गावाला कुठल्या भुताने झपाटलेलं नाही. झपाटलंय ते एका आकाराने, वेटोळ्याने. इतोंनी सांगितलंय की सुरुवात लांबच लांब चाळीसारख्या घरात राहणाऱ्या माणसांच्या कल्पनेपासून झाली. एवढी लांब चाळ कागदावर मावेना, मग ती गुंडाळावी लागली, मच्छर अगरबत्तीसारखी. भयाचं मूळ कासवछाप वेटोळ्यात असावं, हे आपल्याकडच्या कुठल्याही घराला पटण्यासारखं आहे.

एकत्रित आवृत्तीत 19 प्रकरणं आणि एक जादा प्रकरण आहे, साडेसहाशेच्या आसपास पानं. एका बैठकीत वाचणं ही यातली नेहमीची चूक. साप्ताहिकासाठी लिहिलेली गोष्ट आहे. मधली प्रकरणं सुटी आहेत आणि सलग वाचली की त्यांचा साचा उघडा पडतो: गावात कुणालातरी काहीतरी होतं, वेटोळं दिसतं, संपतं. आठव्या प्रकरणापर्यंत माणूस कंटाळतो. त्याऐवजी असं करून बघा. पहिली दोन प्रकरणं एकाच रात्री वाचायची, ती एकाच घराची गोष्ट आहे. त्यानंतर तिसऱ्यापासून नवव्यापर्यंत दिवसाला एकच. दहावं आणि अकरावं पुन्हा जोडीने. घरात गरोदर किंवा बाळंतीण बाई असेल तर ही दोन प्रकरणं गाळा, किंवा पुस्तकच काही महिने ठेवून द्या, हे मी थट्टेने सांगत नाही. बाराव्यात वादळ येतं आणि तिथून गोष्टीची चाल बदलते. तेराव्यापासून एकोणिसाव्यापर्यंत मात्र अजिबात थांबू नका. ते एक दीर्घ प्रकरणच आहे, दीड तास मोकळा ठेवा. जादाचं प्रकरण शेवटी छापलंय खरं, पण कथेच्या काळात ते मध्ये बसतं. एकोणिसाव्याच्या शेवटच्या चित्रानंतर ते लगेच वाचलं तर सगळी हवा जाते. दुसऱ्या दिवशी वाचा. नाही वाचलं तरी चालेल.

सहाव्या प्रकरणात केसांची भानगड आहे, ती वाचताना हसू येतं आणि मग आपलं काही चुकतंय का असं वाटतं. चुकत नाही. इतोंचं भय आणि विनोद एकाच भांड्यातले. कल्पना ओढत ओढत इतकी ताणायची की ती एका टोकाला हास्यास्पद आणि दुसऱ्या टोकाला असह्य होते. हसणं दाबून वाचणाऱ्याला पुढची प्रकरणं जड जातात.

जाड एकत्रित पुस्तकांचा एक कागदी त्रास आहे, तोही सांगून टाकतो. दोन पानं मिळून एक असलेलं चित्र नेमकं मधल्या घडीत गिळलं जातं. नवं पुस्तक आणलं की आधी कणा टेबलावर टेकवून पुस्तक उभं धरा. पुढची वीस-पंचवीस पानं एका बाजूला अलगद दाबा, मग मागची वीस-पंचवीस, असं आलटून पालटून मधल्या भागापर्यंत या. एकदम मधोमध उघडलं तर डिंक तडकतो आणि त्याच जागी पानं सुटायला लागतात. कोकणात किंवा मुंबईत असाल तर पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. दाट काळ्या शाईच्या पानांना बुरशी लागली की डाग फार उठून दिसतात.

फोनवर वाचणाऱ्याला मेकुरी मिळतच नाही असं नाही, पण सोय नीट करून घ्यावी लागते. वाचनाची दिशा उजवीकडून डावीकडे ठेवा. टॅब्लेट आडवा धरून दोन पानांची मांडणी घ्या आणि मुखपृष्ठ एकटं पान म्हणून धरायला सांगा. ही शेवटची गोष्ट बहुतेकांकडून राहते. मुखपृष्ठ पहिल्या पानाशी जोडलं गेलं की पुढचं सगळं पुस्तक एका पानाने सरकतं. मग जे उलटल्यानंतर दिसायचं ते तयारीच्या पानाला लागूनच दिसतं. दारामागे काय आहे ते दारावरच चिकटवल्यासारखं. एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय तर भयमांगेपुरती बंदच ठेवा. चौकटींचे आकार कसे लहान होत जातात आणि अचानक सगळं पान कसं उघडतं, हे त्या सोयीत नाहीसं होतं.

दिशेचा घोळ एकेकाळी प्रकाशकांनीच घातला होता. इंग्रजी वाचकाला उलटं वाचता येणार नाही म्हणून पूर्वी मांगा आरशात धरल्यासारखी फिरवून छापत. हितोशी इवाआकी यांच्या 'पॅरासाइट'मध्ये एक परजीवी शिनइची या मुलाच्या उजव्या हातात शिरतो, म्हणून त्याचं नाव 'मिगी', म्हणजे उजवा. फिरवलेल्या अमेरिकी आवृत्तीत तो हात डावा झाला आणि बिचाऱ्याचं नाव 'लेफ्टी' ठेवावं लागलं. आताची आवृत्ती सरळ आहे. "मला भय नको, पण चांगली गोष्ट हवी" म्हणणाऱ्याला 'पॅरासाइट' द्यावी. माणसं चिरली जातात, पण दहा-पंधरा पानांत वाचक विसरतो की आपण भयकथा वाचतोय. तो मिगीशी वाद घालायला लागलेला असतो.

उमेझूंकडे यायचं होतं. काझुओ उमेझू, 1936 ते 2024. लाल-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा शर्ट ही त्यांची ओळख. 1965 मध्ये त्यांनी मुलींच्या साप्ताहिकात साप झालेल्या आईची गोष्ट काढली. जपानी भयमांगेचा मोठा भाग मुलींच्या मासिकांतून वाढला आणि त्यात घर, आई, आरसा, शाळा याच जागा पुन्हा पुन्हा येतात, हे बाहेरच्या वाचकाला सहसा माहीत नसतं. उमेझूंची 'द ड्रिफ्टिंग क्लासरूम' मात्र मुलांच्या 'शोनेन संडे' या साप्ताहिकात 1972 ते 1974 या काळात आली. एक अख्खी प्राथमिक शाळा, मुलं-शिक्षकांसकट, एका सकाळी जागेवरून नाहीशी होते आणि वाळवंटात जाऊन पडते. शो नावाचा सहावीतला मुलगा त्या सकाळी आईशी भांडून आलेला असतो.

ही सुचवताना आधीच सांगावं की चित्रं जुनी वाटतील. चेहरे ओरडतात, सतत ओरडतात. पहिली शंभर पानं हा आरडाओरडा बटबटीत वाटतो. मग लक्षात येतं की मोठी माणसं मुलांच्या आधी कोसळताहेत, आणि ओरडणं हा एकच शहाणपणाचा प्रतिसाद आहे. उमेझूंची एक खोड आहे: तीच चौकट तीन-चारदा, दरवेळी थोडी जवळून. उलटण्याच्या पानाआधी ते पाय असे एकेक पायरी उतरवतात. लहान मुलं मरतात, खूप मरतात, आणि साप्ताहिक मुलांचं होतं. ज्यांच्या घरी शाळेत जाणारं मूल आहे त्यांना देऊ नका असं नाही म्हणत, पण सोमवारी सकाळी मुलाला बसमध्ये बसवल्यावर वाचायला देऊ नका.

मुलांना काय द्यावं, असंही विचारतात. शिगेरू मिझुकी यांची 'कितारो', दहा-बारा वर्षांच्या मुलाला बिनधास्त. मिझुकींचा डावा हात दुसऱ्या महायुद्धात रबाउलच्या आघाडीवर गेला. उरलेल्या उजव्या हाताने त्यांनी आयुष्यभर जपानी लोककथांतली 'योकाई' भुतं काढली. साकाइमिनातो या त्यांच्या गावात रस्त्याच्या कडेला त्या भुतांचे कांस्यपुतळे आहेत. कोकणातला वाचक इथे घरच्यासारखा वावरतो. 'नुरिकाबे' नावाचं योकाई रात्री वाटसरूपुढे अदृश्य भिंत होऊन उभं राहतं, माणसाला पुढे जाताच येत नाही. ज्याच्या आजीने चकव्याची गोष्ट सांगितली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आपला चकवा गोल गोल फिरवतो, त्यांचा नुरिकाबे थांबवून ठेवतो. मुंजा, खवीस, झोटिंग, आसरा यांची अशी चित्रवही मराठीत कुणी काढली तर ती वर्षानुवर्षं विकली जाईल.

शुझो ओशिमी यांची 'ब्लड ऑन द ट्रॅक्स' हे अगदी दुसरं टोक. 17 खंड, भूत एकही नाही. सेइइची हा शाळकरी मुलगा आणि त्याची आई सेइको. सकाळी न्याहारीला आज कुठला पाव हवा, गोड सारणाचा की मांसाचा, असं ती प्रेमाने विचारते. पानोपानी नुसते चेहरे, संवाद नाही, फक्त आईचं हसू थोडं बदलतं. एक खंड वीस मिनिटांत संपतो, म्हणून पहिला एकटा घेऊ नका, दोन एकत्र घ्या. पहिल्याच्या शेवटी जिथे थांबवलंय तिथे दोन दिवस अडकून बसणं फार वाईट. आईला देवघरात बसवणाऱ्या आपल्या वाचकाला ही मांगा जपानी वाचकाइतकीच, किंबहुना जास्त टोचते. ज्याचं स्वतःच्या आईवडिलांशी नातं दुखरं आहे त्याला मात्र ही देताना काय आहे ते स्पष्ट सांगावं. इथे 'कोरं पोचू द्या' हा नियम मोडायचा.

एक गोष्ट मराठी वाचकाला फुकट मिळते, ती म्हणजे आवाज. मांगेतले आवाज अक्षरांत काढलेले असतात आणि ती अक्षरं चित्राचाच भाग असतात. इंग्रजी आवृत्तीत बहुधा शेजारी बारीक टाइपात अर्थ देतात, पण इंग्रजीत त्यासाठी शब्द कमी पडतात. आपल्याकडे पडत नाहीत. 'दोकी दोकी' म्हणजे धडधड. 'झावा झावा' म्हणजे सळसळ आणि कुजबुज यांच्या मधलं काहीतरी. 'नुरु नुरु' म्हणजे बुळबुळीत, यापेक्षा नेमका शब्द जगात नसेल. 'झोत्' हा अंगावर सर्रकन काटा येण्याचा आवाज. आणि सगळ्यांत अजब 'शीऽन', शांततेचा आवाज. रिकाम्या खोलीच्या चित्रावर 'शीऽन' लिहिलेलं असतं. इंग्रजी अनुवादक तिथे 'शांतता' असं लिहून मोकळा होतो. आपल्याकडे 'किर्र' आहे, अंधाराला लावायचा शब्द, ज्यात रातकिडा आणि निःशब्दता दोन्ही बसतात. इंग्रजी मांगा वाचताना त्या बारीक टाइपाकडे दुर्लक्ष करून मनात मराठी आवाज बसवून बघा. पान बदलतं.

मोकुमोकुरेन यांच्या 'द समर हिकारू डाइड'मध्ये हे फार जाणवतं. 2021 मध्ये सुरू झालेली मालिका. डोंगरात हरवून परत आलेला हिकारू हा हिकारू नाहीच, हे त्याचा जिवलग मित्र योशिकी पहिल्याच प्रकरणात ओळखतो. हे सांगून टाकलं तरी बिघडत नाही, कारण भय त्यात नाही. भय यात आहे की योशिकी त्याला सोडत नाही. उन्हाळ्यात झाडांवर दिवसभर ओरडणाऱ्या सिकाडा या किड्यांचा आवाज चौकटींवर इतका माजतो की माणसं त्याच्या मागे झाकली जातात. मग एखाद्या चौकटीत तो आवाज नसतो.

ज्याच्याकडे वेळ नाही, जो लोकलमध्ये दोन स्टेशनांच्या मध्ये वाचतो, त्याच्यासाठी मासाआकी नाकायामा. 'पीटीएसडी रेडिओ'मध्ये थोड्याच पानांचे तुकडे आहेत. एक माणूस, एक खिडकी, काहीतरी दिसतं, संपलं. पुढच्या तुकड्यात वेगळी माणसं. हळूहळू कळतं की केसांचा धागा सगळ्यांतून जातोय. हा प्रकार सगळ्यांना पचत नाही. ज्यांना पात्रांशी नातं जुळल्याशिवाय भीती वाटत नाही त्यांना हे चुटके वाटतात. ज्यांना रात्री पाणी प्यायला उठल्यावर काळोख्या पॅसेजकडे बघवत नाही त्यांना मात्र याच्यासारखं दुसरं नाही.

अमेरिकेबद्दल थोडक्यात. तिथे 1950 ते 1954 या चार-पाच वर्षांत ईसी कॉमिक्स या प्रकाशनाने भयकथांचा बहर आणला. सहा ते आठ पानांच्या कथा, शेवटी पापाचं उट्टं. मग 1954 मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि प्रकाशकांनी स्वतःवरच 'कॉमिक्स कोड' लादून घेतला. मुखपृष्ठावरच्या नावात 'हॉरर' हा शब्दसुद्धा चालणार नाही, उठून फिरणारी प्रेतं चालणार नाहीत, पिशाच्चं चालणार नाहीत. ती शाखा कित्येक वर्षं खुंटली, आणि त्याच काळात जपानच्या मुली साप झालेल्या आईची गोष्ट दर आठवड्याला वाचत होत्या. ईसीच्या कथा आज वाचताना मजकूर फार वाटतो. चित्रात दिसतंय तेच वर पिवळ्या पट्टीत पुन्हा सांगतात. एका वेळी दोन कथा, त्यापेक्षा जास्त नाही.

आजच्या इंग्रजी लेखनातलं एकच पुस्तक सुचवायचं तर कॅनडाच्या एमिली कॅरल यांचं 'थ्रू द वुड्स', 2014. पाच कथा. काळं पान, त्यात लाल. अक्षरं छापील वाटत नाहीत, ती गोष्टीबरोबर वाकतात, रेंगाळतात. त्यातली 'हिज फेस ऑल रेड' आधी इंटरनेटवर आली होती आणि ती आजही पडद्यावर वाचावी अशीच आहे. तिथे उलटण्याऐवजी खाली सरकवायचं असतं, आणि लांबच लांब काळ्या जागेतून खाली उतरताना बोटाला तीच जबाबदारी येते.

वयाच्या खुणा बघायला विसरू नका. इंग्रजी आवृत्त्यांच्या मागच्या बाजूला 'टी प्लस' असेल तर ते सोळाच्या पुढच्यांसाठी, 'एम' असेल तर अठराच्या. दुकानदार हे बघत नाहीत. जपानी मुखपृष्ठं गोंडस असतात, त्यामुळे मावशीने वाढदिवसाला आणलेली 'गोड' मांगा नववीतल्या पोराला महिनाभर छळू शकते.

इतकं सगळं वाचून झाल्यावर माणूस विचारतो, आता काय? त्याला इतोंची 'कॅट डायरी' द्या. स्वतःच्या घरात आलेल्या योन आणि मू या दोन मांजरांची गोष्ट, पण काढली आहे 'उझुमाकी'च्याच रेघेने. योनच्या पाठीवर कवटीसारखी खूण आहे. मांजर जांभई देतं तेव्हा ते तोमिएसारखं दिसतं. होणाऱ्या बायकोचे डोळे त्यांनी सबंध पुस्तकभर बुबुळांशिवाय, पांढरेफटक काढले आहेत. डाव्या पानाच्या तळाशी इतो घाबरून दाराकडे बघताहेत. पान उलटलं की दारात मांजर बसलेलं असतं.